दासांमधील उतरंड : ‘कुणबीण’, ‘बटीक’ आणि ‘लेकावळा’ या शब्दांच्या आधारे एक विचार

१. विषयाची मांडणी

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील मराठी कागदपत्रे वाचताना ‘कुणबीण’, ‘बटीक’, ‘दासी’, ‘पोरगा’, ‘गुलाम’, ‘लेकावळा’ असे शब्द वारंवार भेटतात. अभ्यासकाची नजर सामान्यतः त्यांवरून सहज पुढे सरकते. संपादित ग्रंथाच्या टिपेत ‘कुणबीण म्हणजे मोलकरीण’ असा अर्थ दिला की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. मोलकरीण मोल घेऊन काम करते व काम सोडूही शकते. कुणबीण मात्र स्वतःच मोल देऊन घेतलेली असते. हा भेद टिपेत पुसला गेला की त्या स्त्रीची अवस्थाच वाचकाच्या दृष्टीआड होते.

याच्या उलट दुसरी एक चूक संभवते. या सर्व शब्दांना ‘गुलाम’ हा एकच पर्याय देऊन त्यांतील व्यक्तींना एका सपाट वर्गात बसविणे, ही ती चूक होय. तसे असते तर भाषेला इतके निरनिराळे शब्द बाळगण्याचे कारण पडले नसते. प्रस्तुत लेखात या शब्दांमागील अंतर्गत विषमतेचा विचार केला आहे. दास्यात असलेल्या सर्वांचे दास्य सारखे नव्हते. जन्म, जात, काम, लिंग आणि सुटकेची शक्यता यांनुसार त्यांच्यातही उतरंड होती. ही उतरंड लक्षात न घेतल्यामुळेच ‘आपल्याकडील दास्य सौम्य होते’ हे मत रूढ झाले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. शास्त्रातील वर्गवारी

दासांचे प्रकार करण्याची प्रथा मराठी दफ्तरांहून फार जुनी आहे. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, तर नारदस्मृतीत पंधरा. घरातच जन्मलेला, विकत घेतलेला, दानादिकांनी मिळालेला, वारशाने आलेला, दुष्काळात पोसलेला, गहाण ठेवलेला, ऋणातून सोडवून आणलेला, युद्धात पकडलेला, पणात जिंकलेला, ‘मी तुझा’ असे म्हणून स्वतः आलेला, संन्यासातून भ्रष्ट झालेला, ठराविक मुदतीपुरता झालेला, अन्नासाठी राहिलेला, दासीच्या लोभाने दास झालेला आणि स्वतःस विकणारा, अशी ही यादी आहे.

यादीपेक्षा तिच्या जोडीला सांगितलेले सुटकेचे नियम अधिक बोलके आहेत. दुष्काळात पोसलेला मनुष्य बैलांची जोडी देऊन सुटू शकतो. ऋणामुळे दास झालेला व्याजासह ऋण फेडून सुटतो. गहाण पडलेल्यास मूळ धनी सोडवू शकतो. मात्र घरात जन्मलेला, विकत घेतलेला, मिळालेला आणि वारशाने आलेला या चौघांना धन्याच्या कृपेवाचून सुटका नाही. स्वतःस विकणारा तर सर्वांत हीन मानला आहे. धन्याचा प्राण वाचविणाऱ्या दासाला स्वातंत्र्य व पुत्राएवढा वाटा देण्याची तरतूदही तेथे आहे. सुटकेचा विधीही सांगितला आहे : दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घडा फोडावा, त्याच्या मस्तकावर अक्षता व फुले यांसह पाणी शिंपडावे आणि तो आता दास नाही असे तीन वेळा म्हणावे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, ज्याच्यामागे बैलजोडी देण्याची किंवा कर्ज फेडण्याची ऐपत असलेले कोणी आप्त उभे आहेत त्याचे दास्य आणि ज्याला मागे कोणीच नाही त्याचे दास्य यांत शास्त्रानेच अंतर मानले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घरात जन्मलेला दास हा धन्याच्या सर्वांत निकटचा व म्हणून सर्वांत सुखी, अशी सामान्य समजूत असते. परंतु सुटकेच्या दृष्टीने पाहता तोच सर्वांत पक्का बांधलेला आहे. निकटता आणि स्वातंत्र्य या दोन निराळ्या मापांनी उतरंड मोजावी लागते आणि दोन्ही मापे एकच क्रम देत नाहीत.

महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या ‘मिताक्षरा’ टीकेचा आधार असलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीत आणखी एक नियम आहे. दास्य वर्णांच्या अनुलोम क्रमानेच असावे, प्रतिलोम नसावे. म्हणजे उच्च वर्णाच्या मनुष्याने खालच्या वर्णाचा दास होऊ नये. दास्यातही वर्णक्रम अबाधित राहावा ही दक्षता येथे घेतलेली दिसते. हीच दक्षता पुढे मराठी शब्दांत वेगळ्या रूपाने उतरली.

३. ‘कुणबीण’ : शब्दातील जात

‘कुणबीण’ या शब्दाचे दोन अर्थ मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) नोंदविलेले आहेत. एक कुणबी जातीची स्त्री आणि दुसरा दासी. शेतकरी समाजाच्या स्त्रीवाचक नावानेच विकत घेतलेल्या स्त्रीचा निर्देश का व्हावा, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. कागदोपत्री ‘कुणबीण’ म्हटलेली प्रत्येक स्त्री कुणबी घरात जन्मली होती असे मुळीच नाही.

या प्रश्नाचे उत्तर घरातील पाण्यात शोधावे लागते. वरच्या जातीच्या घरात वावरणारी, धान्य निवडणारी, पाणी भरणारी दासी ‘पाणी चालणाऱ्या’ जातीची असणे आवश्यक होते. म्हणून अशी स्त्री विकत घेताना तिच्या जातीची चौकशी होई. तिची जात पुढे अस्पृश्य निघाल्यास धन्याच्या घरावरच प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवत असे. अशा स्थितीत ‘कुणबीण’ हा शब्द केवळ दास्याचा वाचक राहत नाही; ‘हिच्या हातचे चालते’ असा दाखलाच तो देतो, असे अनुमान करता येते. दास्यामुळे स्त्रीचे कूळ, गोत व गाव सुटले तरी जात सुटली नाही. उलट, जातीवरूनच तिला उंबऱ्याच्या आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, हे ठरले.

त्यामुळे दासींमध्ये पहिली रेघ पडली ती उंबऱ्यावर. आतली दासी आणि बाहेरची दासी यांचे अन्न, वस्त्र, काम आणि धोके वेगळे होते. आतल्या दासीला धनिणीच्या जुन्या लुगड्याची व सणावारी गोडाच्या घासाची आशा असे. त्याचबरोबर धन्याच्या नजरेची भीतीही तिलाच अधिक असे. बाहेरचीच्या वाट्याला ही आशा नव्हती. तिच्या वाट्याला शेण, दळण, लाकूडफाटा आणि उघड्यावरचे कष्ट होते.

४. कोठी, थट्टी आणि किल्ला

पेशवाईतील सरकारी कारखान्यांकडे पाहिले म्हणजे ही रेघ अधिक ठळक होते. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले ‘पेशवे दफ्तर’ या साधनांमुळे, तसेच हिरोशी फुकाझावा व सुमित गुहा यांच्या संशोधनामुळे, या कारखान्यांतील श्रमव्यवस्थेचे स्वरूप बरेच स्पष्ट झाले आहे. सरकारी कुणबिणी कोठीत धान्य दळण्याकांडण्यास, थट्टीत गुरांच्या शेणगोठ्यास, बागांत व किल्ल्यांवर कामास लावलेल्या असत. येथे धनी म्हणजे कोणी व्यक्ती नसून सरकार होते. घरातील दासीला निदान गाऱ्हाणे घालण्यास एक चेहरा तरी होता. कोठीतील स्त्रीला कारकुनाची यादी होती.

या यादीत येण्याचा एक मार्ग विशेष नोंदविण्यासारखा आहे. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीस सरकारी दास्यात घालण्याची शिक्षा त्या काळी दिली जाई. त्याच गुन्ह्यातील पुरुषाकडून बहुधा ‘गुन्हेगारी’ म्हणजे दंड घेऊन त्यास सोडले जाई. त्यामुळे एकाच कोठीत दुष्काळात आईबापांनी विकलेली मुलगी, स्वारीत धरून आणलेली स्त्री, कुणबिणीच्या पोटी जन्मलेली पोर आणि शिक्षा म्हणून आलेली बाई एकत्र येत. काम एक असले तरी त्यांचा भूतकाळ एक नव्हता. शिक्षा होऊन आलेलीवर जो बट्टा होता तो दुष्काळाने आणलेलीवर नव्हता.

सुटकेची रीत ही या विषमतेची कसोटी होय. वृद्धत्वामुळे अथवा किंमत भरल्यावर कुणबीण सोडल्याची उदाहरणे दफ्तरांत आढळतात. त्याचबरोबर, तिच्या बदली दुसरी कुणबीण आणून दिल्यावर पहिलीस सोडल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणजे एकीची मुक्ती दुसरीच्या बंधनाने विकत घेतली जाई. सुटणारीच्या पाठीशी कोणीतरी ऐपतदार होता. तिच्या जागी येणारीच्या पाठीशी कोणी नव्हता. दासांमधील विषमतेचे याहून उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या इतिहासात, या देशातील घरगुती दास्य सौम्य स्वरूपाचे असून दास कुटुंबातील माणसांसारखेच वागविले जातात, त्यांची विक्री बहुधा होत नाही आणि स्वतंत्र माणसांपासून ते वेगळे ओळखूही येत नाहीत, अशा आशयाचे मत दिले आहे. पुढील अनेकांनी त्याचीच री ओढली. हे मत सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. परंतु ते कोणाविषयी खरे आहे हे विचारावयास हवे. पाहुणा म्हणून वाड्यात आलेल्या साहेबाच्या दृष्टीस घरात जन्मलेली, नेसूनसवरून वावरणारी दासी पडली. थट्टीतली त्याला दिसली नाही. उतरंडीच्या वरच्या मडक्यावरून साऱ्या उतरंडीचा अंदाज बांधण्यासारखे हे झाले. खरेदीविक्रीच्या मराठी नोंदी तर या मताला सरळ छेद देतात.

५. बंदरावरून आलेला दास

आतापर्यंत पाहिलेल्या व्यक्ती बहुतांशी स्त्रिया होत्या व याच मुलखातल्या होत्या. समुद्रामार्गे आलेल्या हबशी दासांची कथा यापेक्षा निराळी आहे. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून आफ्रिकेतील माणसे दास म्हणून दख्खनेत आणली गेली. त्यांच्यापैकी मलिक अंबर हा अनेकदा विकला गेलेला दास पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला व १६२६ मध्ये मृत्यू पावेपर्यंत त्याने मोगलांशी झुंज दिली. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर स्वतःचे राज्य स्थापून ते १९४८ पर्यंत टिकविले. खानदेशाच्या फारुकी राजवटीतही असीरगडासारख्या किल्ल्याच्या रक्षणाची जबाबदारी हबशी सरदारांवर होती.

मलिक अंबर आणि कोठीतील कुणबीण या दोघांनाही ‘गुलाम’ म्हणता येते; पण त्या एका शब्दाने काहीच सांगितल्यासारखे होत नाही. हबशी दास पुरुष होता, शस्त्रधारी होता आणि या मुलखात त्याला भाऊबंद नव्हते. त्याचे हे परकेपणच धन्याला विश्वासाचे वाटले व त्याच्या उत्कर्षाचे कारण झाले. कुणबिणीलाही भाऊबंद उरलेले नव्हते. परंतु तिच्या बाबतीत तोच एकाकीपणा तिच्या असहायतेचे कारण झाला. आप्तांपासून तोडले जाणे हे दास्याचे समान लक्षण खरे. मात्र त्याचे फळ लिंगानुसार आणि कामानुसार इतके भिन्न मिळाले. अर्थात सर्व हबशी सरदार झाले असे नाही. बंदरावरून आलेल्या बहुसंख्यांची नावे इतिहासाने राखली नाहीत आणि अंबराच्या तेजात ती अधिकच झाकोळली.

६. लेकावळा : आई आणि मुलगा

दासीच्या पोटी धन्यापासून झालेले मूल म्हणजे ‘लेकावळा’. शब्दात ‘लेक’ आहे, पण तो लेक नव्हे; लेकाच्या बाजूने उभा राहणारा कोणी आहे. ‘कडू’ आणि ‘गोड’, ‘अकरमाशे’ आणि ‘बारमाशे’ हे शब्दही याच भेदाचे आहेत. बारा माशांचा तोळा; त्यात एक मासा उणा तो अकरमाशा. माणसाच्या जन्माला सोन्याचा काटा लावणारी ही भाषा आहे.

धर्मशास्त्रात दासीपुत्राच्या वाट्याचा विचार झाला आहे. त्रैवर्णिकाच्या दासीपुत्रास वाटा नाही, केवळ पोषण. शूद्राच्या दासीपुत्रास मात्र बापाच्या इच्छेने वाटा आणि बापामागे भावांच्या मानाने अर्धा वाटा, असा ‘मिताक्षरे’चा निर्णय आहे. म्हणजे एकाच अवस्थेतील दोन दासींच्या मुलांचे भवितव्य त्यांच्या बापाच्या वर्णावर अवलंबून होते. वरच्या वाड्यातील दासीचे मूल सुखात वाढे, पण त्याला हक्क नसे. साध्या शेतकऱ्याच्या घरातील दासीच्या मुलाला कमी सुख, पण काही हक्क असे. निकटता आणि स्वातंत्र्य यांच्याप्रमाणेच सुख आणि हक्क हीही दोन निराळी मापे ठरतात.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी दासांवरील मालकी मानण्याचे नाकारले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने माणसाची दास म्हणून खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला. तरीही दासीपुत्राचा प्रश्न संपला नाही. १८७५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘राही विरुद्ध गोविंद वलद तेजा’ या खटल्यात, शूद्रांमध्ये कायम ठेवलेल्या स्त्रीची संतती ही वारशाच्या दृष्टीने दासीच्या संततीच्या बरोबरीची मानली; व्यभिचारातून झालेल्या संततीस मात्र वारसा नाकारला. संस्था कायद्याने गेली, पण तिची वर्गवारी कायद्यातच जिवंत राहिली.

या सर्व चर्चेत चर्चा होते ती मुलाची. आई कोठे आहे? याचे उत्तर देण्यास महाभारतातील विदुराची कथा पुरेशी आहे. विदुर दासीपुत्र म्हणून राज्यास अपात्र ठरतो, पण मंत्री होतो, नीती सांगतो, पूज्य होतो. मध्य प्रांत व वऱ्हाडात ब्राह्मण पित्याच्या अशा संततीच्या ज्ञातीस त्याचेच नाव मिळाले. त्याच्या आईला व्यासांनी दास्यातून मुक्त केल्याचा उल्लेख आदिपर्वात आहे. परंतु मूळ कथेत तिला नाव नाही. मुलाला नाव व मान मिळाला, आईला मुक्ती मिळाली पण नाव नाही. दास्यातून वर चढण्याची शिडी असेल तर ती पुत्राच्या पायांखाली होती; ती धरून उभी होती ती आई.

७. ‘दासी’ या शब्दाचे दुसरे जीवन

मराठीत ‘दासी’ हा शब्द उच्चारताच जनाबाईची आठवण होते. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरास दामाशेटींच्या घरी वाढली आणि तिने आपली ओळख ‘नामयाची दासी’ अशी सांगितली. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणे ही तिच्या अभंगांतील कामे घरकामातील दासीचीच आहेत. या कामांत विठ्ठल तिला हातभार लावतो. भक्तीच्या दृष्टीने या अभंगांचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या स्त्रीला मदतीस हात देणारे माणूस नाही तिलाच देवाचा हात लागतो, हा त्यातील सामाजिक आशयही तितकाच महत्त्वाचा आहे.

नारदस्मृतीतील ‘मी तुझा’ म्हणून स्वतः आलेला दास येथे पुन्हा आठवतो. व्यवहारात हे वाक्य सर्व आधार तुटलेल्या माणसाचे आहे. भक्तीत तेच शरणागतीचे सर्वोच्च वाक्य होते. ‘दास’ हा शब्द रामदासांच्या नावात व ‘दासबोधा’च्या शीर्षकात गौरवाचा झाला. मात्र हा गौरव सर्व शब्दांच्या वाट्याला आला नाही. ‘दास’ आणि ‘दासी’ देवघरात गेले; ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ कोठीतच राहिले; ‘लेकावळा’ आणि ‘अकरमाशा’ शिवीत उतरले. माणसांमधील उतरंड शब्दांमध्येही अशी कायम झाली. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आपल्या आत्मकथनास ‘अक्करमाशी’ हे नाव दिले, तेव्हा या उतरंडीच्या तळाचा शब्द प्रथमच मुखपृष्ठावर आला. जो शब्द दुसऱ्याने मारावयाचा होता तो लेखकाने स्वतः उच्चारला.

८. खानदेशाच्या संदर्भात

खानदेशातील अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रे जतन केली आहेत. अशा संग्रहांतील राजकीय पत्रे आजवर अधिक वाचली गेली. घरखर्चाच्या यादीत, वाटणीपत्रात किंवा आंदणाच्या तपशिलात भांड्यांच्या व गुरांच्या ओळीत कोठे कुणबीण बसली आहे काय, हे पाहण्याचे काम भाषेच्या अभ्यासकालाही करता येण्यासारखे आहे.

खानदेशातील सालदारीचा विचारही या प्रकाशात व्हावयास हवा. आखाजीपासून आखाजीपर्यंत वर्षभराच्या कराराने शेतमालकाकडे राहणारा सालदार हा दास नव्हे. हा भेद सोडता कामा नये. परंतु लग्नासाठी वा दुखण्यासाठी घेतलेली उचल फिटेनाशी झाली की नारदाचा मुदतीपुरता दास आणि ऋणदास यांची आठवण होते. येथेही उतरंड होती : विश्वासू जुना सालदार, नवा सालदार, गुराखी पोर आणि हिशेबात न धरली जाणारी सालदाराची बायको. त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे परिसरात १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या चळवळीने आदिवासी सालदारांचे प्रश्न उघडपणे मांडले; १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. ज्याला उचल मिळते तो बांधला जातो आणि ज्याला कोणी उचलही देत नाही तो उपाशी राहतो, ही कोंडी समजल्यावाचून बंधनातील माणसे परस्परांशी एकजीव का होत नाहीत, हे कळत नाही.

९. समारोप

१८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली व अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली. जुन्या भाषेने बंधनातील माणसांना अनेक नावांत विभागले होते. फुल्यांनी एका शब्दाने शूद्रादि अतिशूद्रांचे दुःख एकत्र बांधले. तो शब्द चळवळीसाठी आवश्यक होता. मात्र अभ्यासकाला त्या एका शब्दाच्या आत पुन्हा उतरावे लागते. बंधनातील माणसांत उच्चनीचता होती असे म्हणण्याने त्यांच्या धन्यांचा दोष कमी होत नाही; उलट, त्या उच्चनीचतेच्या बळावरच ती व्यवस्था टिकली हे लक्षात येते. आतलीला बाहेरचीची भीती दाखविता येत होती आणि एकीच्या सुटकेसाठी दुसरीला पुढे करता येत होते, म्हणूनच फारशी साखळदंडांची गरज पडली नाही.

साहेबाला दिसलेली ‘सौम्यता’ ती हीच. यापुढे जुन्या मराठी गद्याचे संपादन व अध्यापन करताना ‘कुणबीण’ या शब्दापुढे ‘मोलकरीण’ असे न लिहिता ‘विकत घेतलेली अथवा दास्यात जन्मलेली स्त्री’ असे स्पष्ट लिहिले जावे आणि ती आतली की बाहेरची, घरची की सरकारची, हेही संदर्भावरून सांगितले जावे, एवढी अपेक्षा गैर ठरू नये. विदुराच्या आईला नाव देणे आता शक्य नाही. दफ्तरातील तिच्या सख्यांना निदान त्यांच्या अवस्थेचे खरे नाव देता येईल.